कौतुक पुरे, मजुरी बोला

आमच्या ऑफिसात दरवर्षी आठ मार्चच्या आधी एक मीटिंग होते. विषय एकच, महिला दिनाला काय करायचं? आधीची काही वर्षं गुलाबाचं फूल आणि चॉकलेटवर भागलं. या वेळी कुणीतरी म्हणालं, काहीतरी हातांनी करायचं ठेवूया, वर्कशॉप वगैरे. मी पटकन बोलून गेलो, "माझी मावशी विणकाम फार सुरेख करते. दोन-दोन रंगांचं सुद्धा. ती शिकवेल की." झालं! मीटिंगमध्ये जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हा आपल्या धंद्याचा जुना नियम.

मावशी साताऱ्याला असते. फोनवर तिने दोनच गोष्टी विचारल्या. किती जणं? चोवीस. वेळ किती? दोन तास. "अरे, दोन तासांत नवख्या माणसाचं टाके घालणंच शिकून होत नाही," ती म्हणाली, आणि मग तिनेच तोड काढली. चहाच्या कपाखाली ठेवायचं दोन रंगांचं चौकोनी कोस्टर करायचं. दोरा सुती, कारण गरम कपाखाली ॲक्रिलिक नको. आणि प्रत्येकाच्या सुईवर एकवीस टाके आधीच घालून, वर दोन ओळी विणून ठेवायच्या, म्हणजे माणसाने सुया हातात घेतल्या की लगेच सुरुवात. आता हिशोब करा. चोवीस गुणिले एकवीस म्हणजे ५०४ टाके नुसते घालायचे, आणि दोन ओळींचे १००८ टाके विणायचे. शिवाय दाखवायला सहा पुरे नमुने. हे सगळं तिने तीन रात्रींत केलं, दोन पिशव्यांत भरलं आणि स्वतःच्या पैशाने तिकीट काढून एसटीने पुण्याला आली.

कार्यक्रम छान झाला. म्हणजे तिचा भाग छान झाला. सुरुवातीला ओळख करून द्यायला मी उभा राहिलो आणि फुशारकीने म्हणालो, "मंडळी, विणकाम म्हणजे मूळचा बायनरी कोड! सुलट म्हणजे एक, उलट म्हणजे शून्य. माझी मावशी आपल्या सगळ्यांच्या आधीची प्रोग्रॅमर आहे." टाळ्या पडल्या. मावशी हसली. तिच्यानंतर बाहेरून बोलावलेले एक वक्ते 'सर्जनशीलता आणि कोड' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. त्यांच्याही स्लाइडवर हेच, फक्त चित्रं बरी होती.

शेवटी सत्कार. मावशीला कंपनीचं नाव छापलेला मग, एक प्रशस्तिपत्र आणि कुंडीत मनी प्लांट. दोऱ्याचे आणि सुयांचे पैसे मिळतील, पण पक्कं बिल लागेल असं तिला सांगण्यात आलं. तिच्याकडे दुकानदाराने वहीच्या पानावर लिहून दिलेली चिठ्ठी होती. वक्त्यांच्या मानधनाची पर्चेस ऑर्डर मात्र आठवड्यापूर्वीच निघाली होती. तिच्यावर सही माझी होती.

स्वारगेटला सोडायला निघालो तेव्हा मावशीने गाडीत सहज विचारलं, "त्या पाहुण्यांनी किती घेतले रे?" मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग मांडीवरची कुंडी नीट धरत म्हणाली, "रोप मात्र छान दिलंय हं."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तर हा लेख माझ्या विरोधात आहे. आणि माझ्यासारख्या त्या सगळ्यांच्या विरोधात आहे, ज्यांना आई-मावशी-आजीच्या हातचं काम "म्हणजे प्रोग्रॅमिंगच की" असं म्हटल्याशिवाय मोठं वाटतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही तुलना अर्धवट आहे, आळशी आहे, आणि मुख्य म्हणजे ती फुकट पडते. ज्याचे पैसे द्यायचे नसतात त्याची आपण उपमा देऊन बोळवण करतो.

आधी तुलनेत जे खरं आहे ते मान्य करतो. दोन रंगांच्या विणकामाचा नमुना चौकटीच्या कागदावर काढतात. एक चौकट म्हणजे एक टाका, चौकट काळी असेल तर गडद रंग, पांढरी असेल तर फिका. नमुना ठरावीक टाक्यांनंतर पुन्हा येतो, म्हणून एकूण टाके त्या आकड्याच्या पटीत घ्यावे लागतात. हे बघितल्यावर आपल्या डोक्यात लूप आणि ॲरे नाचायला लागतात यात नवल नाही. मलाही विणायला बसावंसं वाटलं ते या चौकटींमुळेच.

पण पुढे? "सुलट म्हणजे एक, उलट म्हणजे शून्य" हे मी बोललो ते मुळातच चूक आहे. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच मागची बाजू. आणि गोल विणलेल्या दोन रंगांच्या कामात तर प्रत्येक टाका सुलटच असतो, फरक फक्त रंगाचा. वक्त्यांनी जॅकार्डच्या मागाचा दाखला दिला, १८०४ चा, पंच कार्डांचा. आता मराठीत मागावरचं कापड आणि सुयांवरचा स्वेटर या दोन्हींना आपण विणकामच म्हणतो, त्यामुळे हा घोळ खपून जातो. पण मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे काटकोनात येतात, तर सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांतून ओढलेले असतात. म्हणून तर विणलेलं मोजं ताणलं जातं आणि धोतर ताणलं जात नाही. एवढा साधा फरक माहीत नसताना आम्ही व्यासपीठावरून टाळ्या घेतल्या.

नंतर मी स्वतः एक वस्तू करायला घेतली. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. चहाच्या मगला बाहेरून घालायची पट्टी, हात भाजू नये म्हणून. मावशीने फोनवर माप सांगितलं: दहा सेंटिमीटरला वीस टाके बसत असतील आणि मगचा घेर चोवीस सेंटिमीटर असेल, तर अठ्ठेचाळीस टाके. अठ्ठेचाळीसला चारने, सहाने, आठने भाग जातो, म्हणून नमुना बसवायला सोपं. दहा सेंटिमीटर उंचीला साधारण चोवीस ओळी. म्हणजे सगळे मिळून ११५२ टाके. मी म्हटलं, हात्तिच्या! अकराशे टाके म्हणजे काय, एका रविवारचं काम.

तीन शनिवार-रविवार गेले.

पहिली पट्टी मगवर चढलीच नाही. कारण असं, की दोन रंगांच्या विणकामात जो रंग त्या वेळी वापरात नसतो त्याचा धागा कापडाच्या मागून आडवा मोकळा जातो. तो धागा जरा जरी आखूड ओढला गेला तर पुढच्या बाजूला चुण्या पडतात आणि सगळं आकसतं. सैल सोडला तर टाके ढिले दिसतात आणि मागे फासे लोंबतात. मग करायचं काय? रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यायचे आणि मगच दुसरा धागा आणायचा. पाच-सहा टाक्यांपेक्षा लांब अंतर असेल तर मधेच मागचा धागा पुढच्यात अडकवून घ्यायचा. हे वाचायला दहा सेकंद लागतात. बोटांना कळायला मला एक अख्खी पट्टी उसवावी लागली.

दुसरी पट्टी चढली, पण नक्षी मधेच पुसट झाली. मी हैराण. चार्टप्रमाणे एकूण एक टाका बरोबर होता. फोटो पाठवला तर मावशीने तिकडून एका वाक्यात निदान केलं, "तू मधे धागे बदललेस. आधी निळा खालून आणत होतास, मग वरून आणायला लागलास." हे खरं निघालं. दोन धाग्यांपैकी जो खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग कायम खालून आणि जमिनीचा कायम वरून. मधे अदलाबदल केली की नक्षी बसते. चार्टमध्ये हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिता येतही नाही, कारण चार्टला हात नसतात.

तिसऱ्या वेळी रंगच चुकले. लाल आणि हिरवा घेतला होता, गुंडे शेजारी ठेवले तर अगदी दिवाळी. विणल्यावर चार हात लांबून नुसता चिखल. दोन्ही रंग सारखेच गडद होते. आता मी मोबाईलवर गुंड्यांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघतो. तिथे दोन्ही गुंडे सारखेच करडे दिसले तर ती जोडी बाद. (मावशी यासाठी फोटो काढत नाही. डोळे बारीक करून बघते.)

सांगायचा मुद्दा हा, की आपल्या कामात कोड म्हणजेच वस्तू. एकदा नीट लिहिला की त्याच्या हजार प्रती काढायला खर्च जवळपास शून्य. आपला सगळा धंदा, आपले पगार, त्या शून्यावर उभे आहेत. विणकामात चार्ट ही वस्तू नाही. दुसरी पट्टी हवी असेल तर पुन्हा ११५२ टाके. शंभरावी हवी असेल तरी ११५२. म्हणजे जिथे दोन्हींची तुलना सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे, म्हणजे श्रम आणि पैसा, तिथेच ती साफ कोसळते. आणि आपण ती तिथेपर्यंत नेतच नाही. "सेम टू सेम" म्हणून टाळी वाजवतो आणि लंचला जातो.

बायकांच्या विणकामाचं श्रेय भलत्यालाच देण्याची खोड मात्र आपली एकट्याची नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधे फेअर आइल नावाचं जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे. दोन रंगांच्या विणकामाला जगभर या बेटाच्या नावाने ओळखतात. तिथली शिस्त अशी की एकूण रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं एल ग्रान ग्रिफोन नावाचं जहाज या बेटावर फुटलं, हे खरं आहे. पण त्यावरून एक दंतकथा पसरली, की किनाऱ्याला लागलेल्या त्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना या नक्ष्या शिकवल्या. अभ्यासकांना याला काही पुरावा सापडलेला नाही. तिथले जपून राहिलेले जुने नमुने एकोणिसाव्या शतकातले आहेत, आणि तशाच धाटणीच्या नक्ष्या बाल्टिक समुद्राच्या आसपासही सापडतात. म्हणजे व्यापाराच्या वाटेने नमुने इकडून तिकडे गेले असतील, त्यात बायकांनी आपली भर घातली असेल, जसं कुठल्याही कलेत होतं. पण नाही! भुकेने अर्धमेले झालेले परके खलाशी काही आठवडे तिथे राहिले आणि विणकाम शिकवून गेले, हे लोकांना जास्त पटतं. आम्ही तेच केलं. खलाशांच्या जागी प्रोग्रॅमर बसवला, इतकंच.

आता मनी प्लांटकडे येतो. त्याच शेटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात बायका शाली, मोजे विणून दुकानदाराला देत आणि दुकानदार त्याचे पैसे देत नसे. तो बदल्यात माल देई. चहा, कापड, असलंच काही. नाहीतर एक चिठ्ठी, जिच्यावर पुढे त्याच्याच दुकानातून माल घ्यायचा. घरात पीठ नसेल आणि हातात चहाची पुडी असेल तर ती पुडी घेऊन शेजारीपाजारी पिठाशी अदलाबदल करायची वेळ बायकांवर येई. या पद्धतीला 'ट्रक' म्हणत. तिची सरकारी चौकशी झाली आणि १८७२ मध्ये अहवाल निघाला. त्यात विणणाऱ्या बायकांच्या साक्षी आहेत, प्रश्न आणि उत्तरं अशा रूपात. आणि या बायका विणत कधी होत्या? पाठीवर पीटच्या, म्हणजे जळणाच्या टोपल्या घेऊन मैलोन् मैल चालताना! कमरेला भोकं पाडलेला चामड्याचा पट्टा, त्यात एका सुईचं टोक खोचलेलं, आणि हात चालूच.

मी हे वाचलं तेव्हा मला कुंडीच दिसली. चहाची पुडी, मनी प्लांट, कंपनीचा मग. दीडशे वर्षांत बदललं काय? शेटलंडच्या दुकानदाराने निदान "तुम्ही आमच्या आद्य व्यापारी आहात" असं भाषण तरी ठोकलं नसेल.

आणि आपल्याच क्षेत्राचा इतिहास जरा उकरा. अपोलो यानांच्या संगणकात प्रोग्रॅम कायमचा साठवायला जी मेमरी होती ती अक्षरशः हाताने ओवलेली होती. बारीक चुंबकी कड्यांमधून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ३६ हजारांहून जास्त शब्दांची ही मेमरी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथल्या रेथिऑनच्या कारखान्यात बायकांनी तासन् तास बसून ओवली. (हेही सुयांवरचं विणकाम नव्हे हं, पुन्हा तोच घोळ नको.) इंजिनियर लोकांनी त्या पद्धतीला नाव काय दिलं होतं, तर 'लिटल ओल्ड लेडी' पद्धत. म्हातारबायांची पद्धत! अपोलोच्या सॉफ्टवेअरचं नेतृत्व करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांना २०१६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय सन्मान मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण तार ओवणाऱ्यांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला येतं का? जिथे बायनरी ही उपमा नव्हती, बायनरी खरोखर बोटांतून जात होती, तिथेही त्या बायकांना आपण प्रोग्रॅमर म्हटलं नाही. म्हणजे ही पदवी आपण कधी वाटतो ते बघा. पगार मागायची शक्यता नसते तेव्हा.

आपल्या देशात हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात बायका रंगीत नक्षीचे लोकरी मोजे आणि हातमोजे विणतात. केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे विणकाम शिकवलं, आणि पुढे तिथल्या बायकांनी ते पूर्णपणे आपलं केलं. २०२१ मध्ये त्या मोज्यांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मिळाला. चांगली गोष्ट आहे. पण जीआयने नावाला संरक्षण मिळतं, भाव आपोआप मिळत नाही. भाव घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात असतो, आणि मनालीला गेलेलं ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मीच.

इतक्या लांब तरी कशाला? सोसायटीच्या हॉलमध्ये दिवाळीआधी प्रदर्शन लागतं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक काकू बाटलीची कव्हरं, मोबाईलचे बटवे, तान्ह्या बाळाची टोपडी घेऊन बसलेल्या असतात. बाटलीच्या कव्हरावर अडीचशे रुपये लिहिलेले. आपण ते हातात घेतो, उलटंसुलटं करतो आणि म्हणतो, "काकू, कित्ती गोड! दीडशेला द्या ना." पलीकडच्या स्टॉलवर त्याच पैशात कॉफी मिळते, तिथे भाव करायची आपली हिंमत होत नाही. मी स्वतः असं केलेलं आहे. काकूंनी दिलं पण. वर "तुम्हाला आवडलं ना, मग झालं" असंही म्हणाल्या.

आता माझ्या मित्रांचे आक्षेप. जेवणाच्या टेबलावर तिन्ही ऐकून झालेत.

पहिला, "अरे, त्यांचा तो छंद आहे. आवडीने करतात. पैशाचं कशाला आणतोस?" बरं. मग तू शनिवारी रात्री आवडीने कोड लिहितोस, तुला सोमवारी पगार नको असतो का? आवड आणि मोबदला एकमेकांचे वैरी आहेत हा नियम फक्त बायकांच्या कामालाच कसा लागू होतो? मावशी घरच्यांसाठी विणते तेव्हा पैसे मागत नाही, आणि मागणारही नाही. माझ्या मुंजीतला स्वेटर तिने केलेला आहे. पण माझी कंपनी तिची भाची नव्हे.

दुसरा, "मशीनवर असलं कव्हर ऐंशी रुपयांत मिळतं." मिळतं ना, मग ते घे. खुशाल घे. मशीनच्या मालाला माझा विरोध नाही, माझ्या अंगावर तोच आहे. पण तू मशीनचं सोडून काकूंच्या टेबलाशी आलास, म्हणजे तुला हाताचंच हवं आहे. वस्तू हाताची हवी आणि भाव मशीनचा हवा, असं दोन्हीकडून कसं चालेल? शिवाय हाताचं म्हणजे काय ते तरी बघ. बाजारात 'लोकर' म्हणून जे सर्रास मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. तापलेलं भांडं उतरवायचं मसोतं त्याचं केलं तर ते वितळून हाताला चिकटू शकतं. तिथे सुती दोरा किंवा खरी लोकरच हवी. तान्ह्या बाळाच्या हातमोज्यात मागचे मोकळे धागे राहिले तर त्यात इवलीशी बोटं अडकतात, म्हणून एकतर आतून अस्तर लावायचं किंवा अशी नक्षी निवडायची जिच्यात मागे लांब धागे राहतच नाहीत. मावशीने आमच्या कोस्टरसाठी तसलीच निवडली होती. दोन ओळी एका रंगाच्या, दोन दुसऱ्या, आणि हवे तिथे खालचे टाके न विणता नुसते सरकवायचे. एका वेळी हातात एकच धागा, त्यामुळे नवख्याचा गुंता होत नाही. बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईंनी याला मोझेइक विणकाम असं नाव दिलं आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे दोरा कुठला, नक्षी कुठली, कुणासाठी कुठली, हे ठरवणं हाच त्या दोन तासांतला खरा सल्ला होता. आपण असल्या सल्ल्याला कन्सल्टिंग म्हणतो आणि तासावर बिल लावतो.

तिसरा आक्षेप जरा बरा आहे. "हाताच्या कामाला पूर्ण मजुरी लावली तर ते विकलंच जाणार नाही. मग त्या बायकांना आहे तेही मिळणार नाही." यात तथ्य आहे. स्वीडनच्या बोहुसलेन भागात १९३० च्या दशकातल्या मंदीत दगडखाणींचं काम बसलं तेव्हा तिथल्या बायकांनी गव्हर्नरच्या पत्नी एम्मा याकोबसन यांच्याकडे काम मागितलं. दान मागितलं नाही, काम मागितलं. त्यातून १९३९ मध्ये बोहुस स्टिकनिंग ही संस्था उभी राहिली. अतिशय बारीक लोकर, कसलेल्या कलाकारांचे नमुने, रंगाच्या नक्षीत मधेच पुढच्या बाजूला उलट टाके टाकून आणलेला पोत, आणि कडक तपासणी. असे स्वेटर आज संग्रहालयात आहेत. पण १९६९ मध्ये संस्था बंद झाली. म्हणजे सगळं नीट करूनही हा व्यवहार अवघड आहे, हे मी नाकारत नाही.

पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? महाग पडतं म्हणून कमी घ्या, लहान वस्तू घ्या, एकच घ्या. महाग पडतं म्हणून फुकट घ्या आणि वर टाळ्या वाजवा, हा निष्कर्ष कुठून आला? आणि आमच्या कंपनीला तर ही सबबही नव्हती. पैसे होते. दिले पण. फक्त विणणारीला न देता विणण्याबद्दल बोलणाऱ्याला दिले.

साधं गणित सांगतो. ती मगची पट्टी मावशीला सगळं धरून दोन तास घेते. टाके घालणं, विणणं, बंद करणं, धाग्यांची टोकं आत घालणं, ओली करून मापात सुकवणं. ताशी शंभर रुपये धरले, आणि शंभर म्हणजे काहीच नाही, तर दोनशे. दोरा चाळीस. म्हणजे दोनशे चाळीसच्या खाली कुणी ती मागितली तर तो मावशीच्या खिशातून पैसे काढतो आहे. हे गणित करायला इंजिनियर व्हावं लागत नाही, पण इंजिनियर असून ते न करणं ही मात्र लाजेची गोष्ट आहे.

मी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. दुसऱ्या आठवड्यात मी मॅनेजरला मेल लिहिली. वर्कशॉपचे दोन तास, तयारीच्या तीन रात्री, एसटीचं तिकीट, दोरा आणि सुया, असा सगळा हिशोब मांडला आणि वक्त्यांना जो दर लावला तोच लावावा असं लिहिलं. वीसेक दिवस इकडून तिकडे मेला फिरल्या. 'व्हेंडर म्हणून नोंदणी नाही', 'नातेवाईक असल्याने हितसंबंधाचा प्रश्न येतो' वगैरे. (हितसंबंध! फुकट बोलावताना तो प्रश्न कुणालाच पडला नव्हता.) शेवटी पैसे निघाले, मी मागितले त्याच्या निम्मे. उरलेले मी भरले नाहीत, कारण ते माझं देणं नव्हतं, आणि मी भरले असते तर कंपनी कायमची सुटली असती. त्याबद्दल अजून भांडतो आहे.

मावशीला फोन करून सांगितलं. तिला आधी वाटलं मी स्वतःच्या खिशातून देतोय, म्हणून रागावली. कंपनीचे आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मग पुढच्या वेळी तीन तास ठेवायला सांग. दोन तासांत निम्म्या पोरींचं अर्धवट राहिलं. आणि त्या झीरो-वनचं काही बोलू नकोस, त्यात दहा मिनिटं जातात."

मनी प्लांटला नवी पानं फुटली आहेत म्हणे.